बेसिन तुंबलेलंच नाहीये!

आमच्या हॉस्टेलच्या कंप्लेंट रजिस्टरवर कुणी संशोधन केलं (प्रोजेक्टला विषय मिळत नसेल त्यांनी जरूर विचार करावा), तर एक वाक्य त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडेल : "बेसिन तुंबले आहे." शेजारच्या रकान्यात प्लंबरची सही, त्याच्या शेजारी "काम झाले". आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच वाक्य, फक्त अक्षर वेगळं. बॅचेस येतात, जातात, पास होतात, के.टी. सोडवतात, पण हे वाक्य काही पास होत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर या वाक्याला उत्तर म्हणून नोटीस बोर्डावर एक सूचना लागली. बेसिनमध्ये केस धुऊ नयेत, बेसिनसमोर केस विंचरू नयेत, आणि यापुढे बेसिन तुंबल्यास त्या मजल्यावरच्या प्रत्येक मुलीकडून शंभर रुपये दंड घेतला जाईल. आता गंमत बघा. मुलांच्या हॉस्टेलमध्ये बेसिन हेच, पाइप हाच, तक्रारही हीच. तिथे मात्र केसांबद्दल नोटीस नाही. म्हणजे तिथलं बेसिन आपोआप तुंबतं आणि आमचं आम्ही तुंबवतो!

माझं म्हणणं सरळ आहे. यातली बरीचशी बेसिनं तुंबलेलीच नाहीत. त्यांचा वेस्ट पाइप चुकीचा बसवलाय, एवढंच. रोग एक आणि औषध भलत्याचंच, असं वर्षानुवर्षं चाललंय. आणि हे मी नुसतं रागावून म्हणत नाहीये, खाली वाकून बघून म्हणतेय.

आधी शब्दाचं बघू. तुंबणं म्हणजे पाणी जायचंच थांबणं. आमच्या मजल्यावरच्या बेसिनमधून पाणी जातं, पण सावकाश. तोंड धुऊन होईपर्यंत ते काठाशी येतं, त्यावर टूथपेस्टचा फेस तरंगतो, मागची मुलगी "झालं का गं?" म्हणून ब्रश तोंडात धरून उभी राहते. मग हळूहळू, मधूनमधून बुडबुडे काढत, ते उतरतं. लोकल बंद पडणं आणि लोकल स्लो असणं यात फरक आहे ना? बंद पडली तर रुळावर काहीतरी आहे. रोज स्लो असेल तर सिग्नलचं, टाइमटेबलचं काहीतरी बघायला हवं. दोन्हीला "गाडीचा प्रॉब्लेम आहे" म्हणून सोडलं तर दुरुस्ती होणार नाही.

आता उपाय काय केले जातात? पहिला झाडूची काडी. दुसरा रबरी पंप, जो आख्ख्या हॉस्टेलला एकच आहे आणि नेहमी "आत्ताच कुणीतरी नेला" असतो. तिसरा, आणि सगळ्यात लाडका उपाय म्हणजे ॲसिड.

या ॲसिडबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. ते टाकतो कोण? सफाईच्या मावशी. नाकाला पदर लावून, मान दुसरीकडे वळवून, बाटली तिरपी करतात. धूर येतो. धूर आला म्हणजे औषध लागू पडतंय, असा एक समज आहे. मी त्यांना विचारलं, "मावशी, हातमोजे का नाही घालत?" तर म्हणाल्या, "अगं बाई, दिले तर घालीन ना."

बरं, ते ॲसिड काम तरी करतं का? बाजारात बाथरूमसाठी मिळतं ते बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर विरघळवतं, हे खरं. पण केस? केस म्हणजे केराटिन, आणि ते असल्या ॲसिडला सहज दाद देत नाही. त्याला अल्कली लागते, म्हणून तर ड्रेन क्लीनरच्या पुडीत कॉस्टिक सोडा असतो (आणि तोही पाण्यात पडला की तापतो, तेव्हा तीही काही खेळण्याची वस्तू नाही). म्हणजे ज्या केसांसाठी ॲसिड ओततात, त्यांना ते धड खातही नाही. खातं कशाला, तर कपलिंगवरच्या क्रोमच्या मुलाम्याला, मोझेक टाइलला आणि जॉइंटच्या सिमेंटला. आणि त्याच्या मागोमाग कुणी ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू तयार होतो. हे आपण सगळ्यांनी केमिस्ट्रीत शिकलोय, इक्वेशन बॅलन्स करून मार्कही घेतलेत. पण खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये ते इक्वेशन मावशींच्या नाकासमोर घडतं, तेव्हा बॅलन्स करायला कुणी नसतं.

असो. पाइपाकडे येते.

आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बेसिनखाली बादली सरकवून एका रविवारी आम्ही तिघीजणी बसलो. आमचे प्लंबरकाका इलेक्ट्रिशियनबरोबर गीझरच्या कामाला आले होते, ते आमची बैठक बघून थांबले. बेसिनखालून जो पाइप येतो तो पांढरा, वळ्यावळ्यांचा, हार्मोनियमच्या भात्यासारखा ताणता येणारा. त्याचं वरचं टोक बेसिनच्या कपलिंगला नटने आवळलेलं, आणि खालचं टोक कोपऱ्यातल्या जाळीच्या भोकातून खाली घुसवलेलं. अंतर अडीच फुटांचं आणि पाइप त्याहून बराच लांब. मग उरलेला पाइप जाणार कुठे? थोडा मध्येच लोंबत होता आणि थोडा जाळीखाली कोंबला होता.

काका म्हणाले, "बघ पोरी, ह्या पायपाला पोट सुटलंय. आन् तोंड पाण्यात बुडालंय. आता ह्यानं श्वास कुठनं घ्यायचा?"

आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या आख्ख्या चॅप्टरचं हे दोन वाक्यांत सार आहे. खरं सांगते, मी त्याला सोपं करायला गेले तर अवघडच करीन. पण इंजिनिअरिंगचं मासिक आहे, तर थोडं तरी करू द्या.

पाइपाचं पोट म्हणजे खाली लोंबलेला भाग. त्यात पाणी साचून राहतं. खालचं टोक जाळीखालच्या पाण्यात बुडालेलं. म्हणजे एका पाइपात पाण्याची दोन बुचं झाली, आणि त्या दोघांच्या मध्ये हवा अडकली. वरून बेसिनचं पाणी येतंय, त्याला खाली जायचंय, पण हवेनं जागा अडवलीय. हवेला खाली जायचं तर बुडालेल्या टोकापाशी पाच सेंटिमीटर पाणी ढकलावं लागतं, म्हणजे साधारण ४९० पास्कल. शिवाय पोटातल्या वळणाची उंची वेगळी. मॅनोमीटरचं गणित आठवतंय? एकामागून एक यू-ट्यूब लावल्या आणि मध्ये हवा ठेवली की प्रत्येकीची उंची बेरजेत येते. ही बेरीज भरून काढण्याइतका दाब आला नाही, तर हवेला एकच वाट उरते, परत वर. मग तेवढ्याच ३२ मिलिमीटरच्या पाइपातून पाणी खाली आणि हवा वर, असा दुहेरी रस्ता सुरू होतो. बुडबुडे दिसतात ते हेच.

माझी आजी पंधरा किलोचा तेलाचा डबा उघडायची तेव्हा नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेल यायला आणि समोरच्या कोपऱ्यात एक हवा जायला. एकच पाडलं तर तेल गचके खात येतं आणि अर्धं ओट्यावर सांडतं. तिने फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर दिला नव्हता.

पुस्तकी हिशेबही करून बघितला. बेसिनचं भोक जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरलं, तर टॉरिसेलीच्या सूत्राने खाली पाण्याचा वेग येतो सेकंदाला ३.७ मीटर. ३२ मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला जवळजवळ तीन लिटर. म्हणजे पाच लिटरचं बेसिन दोन सेकंदांच्या आत रिकामं! प्रत्यक्षात जाळीची पट्टी, वळणं, पाइपाच्या वळ्यांचं घर्षण हे सगळं धरून दहा-पंधरा सेकंद लागले तरी कुणाची तक्रार नसावी. आमच्या बेसिनला लागत होती पावणेचार मिनिटं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजली आहेत, अंदाजपंचे नाहीत.

पण "पाइप वाईट आहे" हे बघताक्षणी म्हणणं सोपं आहे, सिद्ध करणं महत्त्वाचं. काकांनी जे करून दाखवलं ते मला फार आवडलं. बेसिनखालचा नट सैल करून त्यांनी पाइप सोडवला, खाली बादली ठेवली आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओतलं. धबकन बादलीत! म्हणजे वरचं कपलिंग साफ आहे. त्यात केस अडकले असते तर पाणी इथेच रेंगाळलं असतं. मग पाइप परत जोडला आणि खालचं टोक जाळीतून बाहेर काढून बादलीवर धरलं. पाणी भराभर आलं, पहिल्या झटक्याला थोडं काळं, मग स्वच्छ. म्हणजे पाइपाच्या आतही बोळा नाही. शेवटी नुसत्या जाळीत बादली ओतली. तीही पटकन गेली. म्हणजे खालची लाइनही मोकळी. तीन भाग, तिन्ही वेगवेगळे निर्दोष, आणि एकत्र जोडले की आजारी! मग दोष उरला फक्त जोडणीत.

(सर्किटमध्ये फॉल्ट शोधताना इलेक्ट्रिकलवाले हेच करतात. तिथे त्याला ट्रबलशूटिंग म्हणून मार्क मिळतात. इथे त्याला "काय बायकी उद्योग चाललेत रविवारी" म्हणतात. कोण म्हणालं ते लिहीत नाही.)

दुरुस्ती म्हणाल तर लाजिरवाणी वाटावी इतकी छोटी. खालचं टोक बाहेर ओढून घेतलं, हॅक्सॉ ब्लेडने वीतभर पाइप कापून टाकला, उरलेला पाइप ताणून सरळ केला, म्हणजे पोट गेलं. टोक जाळीच्या किंचित खाली, पण पाण्याच्या पातळीच्या वर राहील एवढंच सोडलं. ते पुन्हा आत घसरू नये म्हणून भिंतीला एक क्लिप. कपलिंगखालचं रबर वॉशर चपटं झालं होतं ते बदललं. संपलं. वेळ मोजली तर अठरा सेकंद. काका त्यानंतर गीझरकडे गेले, आणि आम्ही बराच वेळ उगाचच बेसिन भरत आणि रिकामं करत बसलो. (पाणी वाया घालवलं म्हणून बोलणीही खाल्ली.)

आता इथे एक धोक्याची सूचना, कारण हे वाचून कुणी उत्साहात सगळे पाइप सरळ करत सुटू नये. जाळीखाली जे पाणी साचलेलं असतं ते घाण म्हणून साचलेलं नाही, ते मुद्दाम ठेवलेलं आहे. त्याला म्हणतात नहानी ट्रॅप. आमच्या व्हायव्हाला एकाने "नहानी हे शोध लावणाऱ्याचं नाव" असं ठोकून दिलं होतं, बहुधा जपानी समजून. अहो, न्हाणी! आपल्या आजीची न्हाणी, न्हाणीघर. इंग्रजी पुस्तकातून शिकलो की आपलाच शब्द परदेशी पाहुणा होऊन येतो आणि आपण त्याला ओळखत नाही. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी बेताचं, तरी हा शब्द वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. आय.एस. कोडच्या भाषेत आपली न्हाणी बसलीय, हे काय कमी आहे?

तर या ट्रॅपमधलं साधारण ५० मिलिमीटरचं पाणी म्हणजे दरवाजा. ड्रेनेजचा वायू, वास, झुरळं यांना ते आत येऊ देत नाही. कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये फ्लश संडासाचं पेटंट घेतलं, त्यात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण होतं, आणि त्या वळणात थांबणारं पाणी हाच मुद्दा होता. घड्याळजी होता, प्लंबर नव्हता, हेही लक्षात घ्या. ज्याला बघायचंय त्याला ब्रँच आडवी येत नाही.

आणि हा दरवाजा उघडा राहिला तर काय होतं, याचं उदाहरण हाँगकाँगमध्ये आहे. २००३ च्या सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, चाळीसहून अधिक गेले. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यात एक होतं बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप. पाणी आटलं, दरवाजा उघडला, आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनने ड्रेनेजमधली हवा घरात ओढून घेतली. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये बाथरूम उघडलं की जो भपकारा येतो, तो त्याच जातीचा. त्यावर फिनेल ओततात. खरं म्हणजे सुट्टीत आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी टाकलं तरी पुरे.

म्हणून नियम लक्षात ठेवायचा तो एवढाच, की बेसिन आणि मुख्य लाइन यांच्यामध्ये पाण्याचा ट्रॅप एक हवा. पाइप नहानी ट्रॅपमध्ये सुटत असेल तर वर आणखी पोट नको. पण पाइप थेट भिंतीत जात असेल आणि पुढे ट्रॅप नसेल, तर ते वळण किंवा बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हाच तुमचा एकमेव दरवाजा आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि आडवा पाइप असेल तर त्याला मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार पुरतो. जास्त उतार म्हणजे जास्त चांगलं असं नाही. पाणी पाइप पूर्ण भरून सुसाट गेलं तर जाताना स्वतःच्याच ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं आणि मागे दरवाजा उघडा. नॅशनल बिल्डिंग कोडने प्लंबिंगला स्वतंत्र नववा भाग दिलाय तो उगाच नाही.

आता मला जे खरं बोलायचं होतं ते. काकांना मी विचारलं, "काका, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना? मग दर वेळी नुसती स्प्रिंग घालून का जाता?"

ते म्हणाले, "रजिस्टरात तुंबलंय लिहितात, मी तुंबलेलं काढून जातो. पाइप बघा असं कोण लिहितंय? आन् मी न सांगता पाइप कापला तर उद्या मलाच इचारतील, कुणी सांगितलं होतं कापायला?"

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. बघा, माहिती काकांकडे होती. अधिकार ऑफिसकडे. त्रास आम्हाला. ॲसिडचा धूर मावशींना. आणि या सगळ्यांना जोडणारा एकच पाइप म्हणजे ते रजिस्टर, त्यात आपण पन्नास वेळा तेच चुकीचं वाक्य लिहितो. त्याला पोट सुटणार नाही तर काय! आणि त्या चुकीच्या वाक्यावरून निघालेला निष्कर्ष हा की मुली केस टाकतात, म्हणून दंड. वाक्य चुकलं की औषध चुकतं आणि बिल भलत्याच्या नावाने फाटतं.

काहीजण म्हणतील, हे प्लंबरचं काम, इंजिनिअरने कशाला करायचं? हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. फर्स्ट इयरला आपण सगळे वर्कशॉप करतो. पाइपावर आटे पाडतो, फिटिंगचा जॉब घासतो, निम्मा जॉब वर्कशॉपचे असिस्टंट दादा करून देतात, जर्नल सीनियरचं उतरवतो, सही होते. ज्या पाइपावर आटे पाडले तो पाइप कुठे लागतो हे कुणी विचारत नाही, कुणी सांगतही नाही. थर्ड इयरला येईपर्यंत आपण दहा मजली इमारतीची ड्रेनेज लाइन शीटवर काढतो, इन्स्पेक्शन चेंबरसकट, आणि ज्या बेसिनमध्ये रोज तोंड धुतो त्याच्याखाली तीन वर्षांत एकदाही वाकत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला भरतकाम होतं आणि घाणेरड्या ठिकाणी हात घालायचा नाही ही शिकवण होती. तिथल्या सिस्टर्सवर माझा राग नाही, त्यांनी खूप काही दिलं. पण इंजिनिअरिंगला आल्यावरही तेच चालू राहावं?

रेक्टर मॅडमची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्या म्हणाल्या, "आज पाइप कापाल, उद्या गीझर उघडाल, शॉक लागला तर जबाबदार कोण?" बरोबर आहे. गीझरला, मेन स्विचला, भिंतीतल्या पाइपाला हात नको, हे मलाही मान्य आहे. पण जाळी उचलणं, नट सैल करून बादली लावणं, पाइपाचं टोक कुठे आहे ते बघणं यात कुणाला इजा होणार नाही. कापायचं ते काकांनी कापावं. बघायचं मात्र आपण. आणि माझं तर म्हणणं आहे की वर्कशॉपच्या एका प्रॅक्टिकलला काकांनाच बोलवावं, त्याचं मानधन द्यावं, आणि बॅचने त्यांच्याकडून तीन बेसिनं तपासून घ्यावीत. जर्नलमध्ये लिहायला नवीन काही तरी मिळेल. निदान सीनियरचं उतरवता येणार नाही.

प्रामाणिकपणे हेही लिहिते, की नंतर आम्ही मजल्यावरची बाकीची चार बेसिनं त्याच पद्धतीने पाहिली. दोन अशीच पोट सुटलेली निघाली. एकाचं टोक ट्रॅपच्या तळाला टेकून बंद झालं होतं, वर उचलताच मोकळं. आणि एक, खिडकीजवळचं, खरोखर केसांनी भरलेलं होतं. कपलिंगच्या पट्टीखालून जो बोळा निघाला त्याचं वर्णन मेसमध्ये बसून वाचणाऱ्यांसाठी टाळते. तिथे जाळीचं पाच-दहा रुपयांचं गाळणं बसवायला हवं आणि विंचरल्यावर केस कचऱ्याच्या डब्यात टाकायला हवेत, यात वादच नाही. पाचातलं एक. त्यावरून पाचांनाही एकच कारण चिकटवायचं का, हा प्रश्न आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. ॲसिड बंद करा. ते होईपर्यंत निदान मावशींना रबरी हातमोजे आणि तोंडाला बांधायला काहीतरी द्या, आणि ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका कपाटात ठेवू नका. नवीन बेसिनचं जे कोटेशन मागवलंय ते थांबवा. बेसिन बदललं आणि पाइप तोच तसाच कोंबला, तर नवीन बेसिनही सावकाशच जाणार, फक्त चकचकीत दिसेल. आणि रजिस्टरमध्ये "तक्रार" या रकान्याशेजारी दोन नवे रकाने आखा. पहिला : पाणी थांबते की सावकाश जाते? दुसरा : बुडबुडे येतात का? पाणी सावकाश आणि बुडबुडे येत असतील तर काकांनी पहिल्यांदा पाइप बघावा. पाणी थांबलेलं आणि बुडबुडे नसतील तर पहिल्यांदा कपलिंग उघडावं. शंभर टक्के अचूक नाही हे, पण "बेसिन तुंबले आहे" पेक्षा नक्की बरं. रकाने आखायला मी फुटपट्टी घेऊन यायला तयार आहे.

दंडाचे पैसे परत मिळावेत म्हणून आमच्या मजल्याने ऑफिसला अर्ज दिला आहे. सोबत पाइपाची आकृती जोडली आहे, आधीची आणि नंतरची, स्केलला धरून, वेळेच्या आकड्यांसकट. अर्ज इनवर्ड झालाय.